प्रभाताईंची रेडिओवरून टेप केलेली कॅसेटला बुरशी धरली आहे. काय करू?

मिरजवाला

नमस्कार मंडळी. १३ जानेवारी २०२४ ला गायिका प्रभाताई अत्रे गेल्या, त्या दिवसापासून ही कॅसेट कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं होतं. एक्क्याण्णव वर्षांची बाई गायला निघायची, आणि सकाळी बातमी आली. मी दुकान उघडलंच नाही. घरात कुणी गेल्यासारखं का वाटतंय ते बायकोला नीट सांगता येईना.

कॅसेट साठ मिनिटांची आहे, ८४-८५ सालची. शनिवारी रात्री आकाशवाणीवर राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. बाबा रेडिओसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि आम्हाला पंखासुद्धा लावू द्यायचे नाहीत. राग मारुबिहाग, मग द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, 'जागू मैं सारी रैना'. ताईंची सरगम, म्हणजे सा-रे-ग-म असं सुरांची नावं घेत गाणं, सुरू झाली की बाबा मांडीवर बोटं मोजायला लागायचे. सरगम ही ताईंच्या लेखी कसरत नव्हती. ताईंनी डॉक्टरेटच सरगमवर केली, हे बाबा पाहुण्यांना हटकून सांगायचे. आम्ही मिरजेचे, गायक अब्दुल करीमखाँसाहेबांची मजार घरापासून चालत दहा मिनिटांवर. ताई शिकल्या त्या खाँसाहेबांच्याच मुलांकडे, सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे. त्यामुळे बाबांना त्या माहेरच्याच वाटायच्या.

मारुबिहागची विकतची रेकॉर्ड आहे माझ्याकडे, उत्तम आहे. पण या कॅसेटवर बाबांचा खोकला आहे, आईच्या बांगड्या आहेत. बाबा २००९ ला गेले.

टेपच्या कडेला पांढरी पूड दिसते आहे. आई म्हणते, लावू नकोस, तुटेल. लावू का?

जुनाटेप

लावू नका! आई बरोबर सांगतायत. ती पूड बुरशीची आहे. टेप तशीच चालवली तर ती डेकच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

आधी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात आठवडाभर ठेवा. उन्हात अजिबात नको. मग बॉडीला स्क्रू असतील तर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क बांधून उघडा. (चिकटवलेली असेल तर कुणा अनुभवी माणसाकडेच द्या.) दोन्ही रिळं तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या बॉडीत बसवा. हेडसमोरची छोटी फेल्टची गादी बहुधा गळून पडलेली असते, ती नवी बॉडी असली की आपोआप मिळते. मग हाताने, पेन्सिलीने, सावकाश गुंडाळत मऊ कोरड्या कापडातून टेप पुसून घ्या. घाई केलीत तर कडा दुमडतात.

सराव आधी एखाद्या फालतू कॅसेटवर करा. एवढं ऐकाच.

रात्रपाळी

मिरजवाले, तुमचं वाचून गलबललं. भीमसेनजींनंतर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता प्रभाताई करायच्या. आम्ही चौघं मित्र भारतीय बैठकीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, शाली गुंडाळून. पाय बधिर झालेले असायचे, पण ताईंचं व्हायच्या आधी उठायचं नाही हे ठरलेलं. यंदा सवाईत शेवटी मी लवकर बाहेर पडलो. थांबवेना.

एक सुचवतो. कॉम्प्युटरवर घेतल्यावर खरखर आणि खोकला सॉफ्टवेअरने काढता येतो, गाणं स्वच्छ होईल.

जुनाटेप

@रात्रपाळी, कृपा करून हे सांगू नका त्यांना. खोकला काढायचा असता तर विकतची रेकॉर्ड होतीच की त्यांच्याकडे.

मिरजवाले, एकदाच वाजवायची आहे असं समजून तयारी करा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लाइन-आउटमधून घ्या, वेव्ह फाइलमध्ये घ्या, एमपीथ्री नको. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तीन ठिकाणी ठेवायची.

मिरजवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. सांगितलं तसंच केलं. सरावाला मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेट घेतली, ती तुटली, पण हात बसला.

काल रात्री लावली. सुरुवातीला आवाज पाण्याखालून आल्यासारखा, मग ताईंचा षड्ज, म्हणजे सा, लागला. आई सोफ्यावर होती, पदर तोंडाला लावून.

द्रुत रंगात आलेलं असताना पहिली बाजू संपते, हे मला आठवत होतं. सरगम मध्येच तुटते. पुढचं मी विसरलो होतो, किंवा लहानपणी माझ्या लक्षातच आलं नसेल. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा बटणाचा खट आवाज येतो, आणि सरगम परत ऐकू यायच्या आत बाबांचा आवाज आहे, घाईघाईने रेडिओला म्हणतात, "थांबा, थांबा ताई."

आईने तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं.