मदत हवी आहे: एका लॅपटॉपवर दोन एसएसएच कीज, पुश होत नाहीये

वाऱ्यावरची_वरात
सकाळपासून डोकं धरून बसलोय. ऑफिसची एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) आधीपासून आहे, ती व्यवस्थित चालते. माझ्या स्वतःच्या गिटहब (कोड ठेवायची साइट) खात्यासाठी दुसरी बनवली, खात्यात टाकली, एसएसएचच्या सेटिंग्जची कॉन्फिग फाइलही लिहिली. तरी पुश करताना, म्हणजे कोड वर चढवताना, "रिपॉझिटरी नॉट फाउंड". ब्राउझरमध्ये रेपो (कोडची रिपॉझिटरी, म्हणजे साठा) समोर दिसतोय! रात्री मित्राला कोड द्यायचाय, लवकर सांगा.

खटपट्या
विंडोज, मॅक, लिनक्स? रेपो प्रायव्हेट आहे का?

मोगरा७
एसएसएच सोडा, एचटीटीपीएसचा पत्ता आणि टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी अक्षरं) घ्या. तीन वर्षं तेच वापरतेय, एकदाही अडलं नाही.

गच्चीवरून
टोकनची मुदत संपली म्हणजे पुन्हा पहिले पाढे. शिवाय दोन खाती असली तर सेव्ह केलेल्या लॉगिनचा गोंधळ तिथेही होतोच.

मोगरा७
मुदत आपणच ठरवतो हो. आणि यूआरएलमध्ये युजरनेम घातलं तर गोंधळ होत नाही.

वाऱ्यावरची_वरात
वाद नंतर घाला, प्लीज. विंडोज ११. रेपो प्रायव्हेट. ऑफिसचीच की माझ्या खात्यात टाकून पाहिली, तर "की इज ऑलरेडी इन यूज".

खटपट्या
बरोबर, एक की एकाच खात्याला लागते. "गिट रिमोट -व्ही" रेपोचा कुठला पत्ता दाखवतं?

वाऱ्यावरची_वरात
गिट@गिटहब.कॉम, पुढे माझं नाव आणि रेपो.

खटपट्या
मग तिथेच घोळ आहे. गिटहबवर सगळेच "गिट" या नावाने आत जातात, माणूस ओळखला जातो तो कीवरून. तुमची ऑफिसची पुढे जातेय, आणि त्या खात्याला हा रेपो दिसतच नाही. कॉन्फिगमध्ये होस्टला वेगळं नाव द्या, समजा गिटहब-घर. खाली होस्टनेम गिटहब.कॉम, युजर गिट, आयडेंटिटीफाइलला नव्या कीचा पाथ, आणि "आयडेंटिटीजओन्ली येस" विसरू नका, नाहीतर एजंटमधली (कीज लक्षात ठेवणारा प्रोग्राम) ऑफिसची आधी घुसते. मग "गिट रिमोट सेट-यूआरएल" करून पत्त्यातही गिटहब-घर घाला.

तांबडं_फुटलं
की आरएसए प्रकारची आहे का ईडी२५५१९? ही दुसरी ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आलीय. मी सगळ्या सर्व्हरवर बदलून घेतली.

खटपट्या
त्याचा इथे काही संबंध नाही.

वाऱ्यावरची_वरात
होस्टचं नाव तसंच दिलं, पत्ताही बदलला. आता "कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम गिटहब-घर". अजून बिघडलं!

गच्चीवरून
बिघडलं नाही, कॉन्फिग वाचलीच जात नाहीये. नोटपॅडमध्ये सेव्ह केली होती का? एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा आणि नाव बघा.

वाऱ्यावरची_वरात
अरे देवा, "कॉन्फिग.टीएक्सटी" आहे! शेपूट काढलं. "एसएसएच -टी गिट@गिटहब-घर" केल्यावर "हाय" आणि पुढे माझं नाव आलं. पुशही झालं. मनापासून आभार दोघांचे.

खटपट्या
गिटमधला युजर.ईमेल बदललात का? की वेगळी केली तरी कमिटवर (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर) जुनाच ईमेल जातो.

वाऱ्यावरची_वरात
तिन्ही कमिट्सवर ऑफिसचाच गेलाय. आता मागचे कसे बदलू?

मोगरा७
हे टोकन वापरूनही झालंच असतं, मान्य. आधी सांगा, मित्राने क्लोन केलंय का, म्हणजे रेपोची प्रत उतरवून घेतलीय का?