मदत हवी आहे: लेबलजवळ आलं की डावा स्पीकर फाटतो, कार्ट्रिज बसवताना काय चुकलंय?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांनी आवराआवरीत पस्तीसेक एलपी माझ्या हवाली केल्या. "रद्दीत घालवत नाहीत रे, तू तरी ऐक." बहुतेक डमडमला छापलेल्या एचएमव्हीच्या मोनो तबकड्या, ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यांच्यापायी सेकंडहँड टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल घेतला आणि ऑडिओ-टेक्निकाचं नवं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारी डबी) मीच बसवलं. माती बहुधा तिथेच खाल्ली आहे.

त्रास असा. बाजू सुरू होते तेव्हा आवाज झकास. विलंबितभर तंबोरे छान घुमतात. द्रुत सुरू झालं, ताना आल्या आणि सुई लेबलकडे सरकली की डावा स्पीकर फाटायला लागतो. 'स' आणि 'श' म्हणजे तापल्या तेलात पाण्याचे थेंब. पेटीचे वरचे सूर करवतीसारखे. उजवीकडे त्याच वेळी बऱ्यापैकी स्वच्छ.

मी काय केलं ते सांगतो. आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट (मागचं वजन) फिरवला, आकड्यांची कडी शून्यावर आणली आणि मग २ ग्रॅम वजन दिलं (या कार्ट्रिजला १.८ ते २.२ चालतं). अँटिस्केटही (आर्मला आत जाण्यापासून धरणारी ओढ) २ वर. कार्ट्रिज पुढे-मागे सरकवायला नेटवरचा प्रोट्रॅक्टर (सुईची जागा जुळवायचा मापाचा कागद) ऑफिसच्या प्रिंटरवर छापला. सुई ब्रशने मागून पुढे साफ केली. प्रीअँपमागच्या लाल-पांढऱ्या पिना आलटून लावल्या, तर फाटणं उजव्या स्पीकरमध्ये गेलं. म्हणजे अँप आणि स्पीकर निर्दोष.

आता एमएल (मायक्रोलिनिअर, बारीक धारेची) सुई घेऊ की तबकड्याच झिजल्यात असं समजून गप्प बसू? घरात "यूट्यूबवर सगळं आहे की" हे दिवसातून दोनदा ऐकतोय. जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

खरखरप्रेमी

एमएल घ्या आणि विषय संपवा. आहे त्याच कार्ट्रिजला बसते, नुसती सुई ओढून काढायची. माझ्याकडे वर्षभर आहे, शेवटच्या गाण्यापर्यंत लोण्यासारखी चालते.

कानसेन

अहो, लगेच खिशात हात कशाला घालायला लावताय?

उत्तररात्र, शेवटाला आवाज बिघडण्यामागे एक साधं गणित आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले. त्यात ख्यालाची गोची अशी की निवांत विलंबित पडतं मोकळ्या जागेत आणि तानांची आतषबाजी पडते नेमकी त्या अडचणीच्या गल्लीत. सिनेमाच्या एलपीत निदान शेवटी एखादं संथ गाणं टाकून वेळ मारून नेता येते. बडा ख्याल मागे आणि द्रुत आधी, असं कोण गाणार?

पण हे झालं दोन्ही स्पीकरचं. तुमचं फक्त डावीकडे फाटतंय, तेही मोनो तबकडीवर, जिथे खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकच आवाज कोरलेला असतो. इथे पाणी मुरतंय. घरात एखादी नवी कोरी एलपी आहे का? तिच्यावर काय होतं?

उत्तररात्र

एक आहे, गेल्या वर्षी घेतलेली. आत्ता लावली. तिच्यावरही डावीकडेच, थोडं कमी.

कानसेन

मग झिजेवर खापर फोडू नका. खाचेची आतली भिंत म्हणजे डावा चॅनेल, बाहेरची उजवा. फिरती तबकडी आर्मला आत खेचते आणि अँटिस्केट त्याला बाहेर ओढून धरतं. ते प्रमाणाबाहेर झालं की सुई आतल्या भिंतीवरून सुटते आणि डावं फाटतं. म्हणजे एक तर अँटिस्केट जास्त आहे, नाहीतर सुईवरचं वजन तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी आहे. कडीवर २ दिसतंय ते ठीक, पण काट्यावर मोजलंय का?

बैठी_चाळ

मध्येच तोंड घालतो. त्या छापील प्रोट्रॅक्टरवर १०० मिलिमीटरची रेघ असेल, तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवा. ऑफिसचे प्रिंटर गुपचूप कागदाला मावेल असं आखडून छापतात.

आणि दुसरा प्रश्न, रागावू नका: आर्म तरंगवला तेव्हा सुईवरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं होतं का?

उत्तररात्र

रेघ ९७ भरली.

टोपण... नव्हतं काढलं. नवी सुई, हात थरथरत होते, म्हटलं समतोल साधेपर्यंत झाकलेलीच बरी.

बैठी_चाळ

सापडला चोर. टोपणासकट शून्य केलंत, मग टोपण काढलंत. पुढचं वजन तेवढं उतरलं आणि कडी बिचारी २ च दाखवत राहिली. अँटिस्केट मात्र पुरं २ चं. कानसेनांनी दोन कारणं सांगितली, तुम्ही दोन्ही एकदम केलीत.

मोजायला खास गेज नसेल तर दोन दशांशांचा खिशातला काटाही चालतो. मशीन बंद करून प्लॅटर उचलून बाजूला ठेवा, काटा तिथे मांडा आणि खाली पुठ्ठे घालून सुई तबकडीच्या उंचीलाच टेकेल असं जमवा. उंचावर मोजलं तर आकडा थोडा चुकतो. अँटिस्केट तेवढ्यापुरतं शून्य.

उत्तररात्र

बायकोचा यीस्ट मोजायचा काटा. १.३४!!

कानसेन

मग कसली टिकते सुई तानेत! टोपण काढून परत तरंगवा, काट्यावर २.० आणा. अँटिस्केट दीडपासून सुरू करा आणि कानाने ठरवा. उजवीकडे फाटलं तर वाढवा, डावीकडे फाटलं तर कमी.

बैठी_चाळ

प्रोट्रॅक्टरचंही उरकून घेऊ. ३ टक्के आखडल्याने फार आभाळ कोसळलेलं नाही, सुई खाचेला समांतर येते ते दोन बिंदू थोडे आत सरकले इतकंच. पण तुमच्या मशीनला तो कागद लागतच नाही. हेडशेल (कार्ट्रिज ज्याला बसवलंय ते आर्मचं टोक) काढा, ते आर्मला जिथे टेकतं तिथल्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवा आणि कार्ट्रिज शेलमध्ये सरळ. टेक्निक्सने आर्म याच मापावर बेतलाय.

नेटवरचे लोक हे माप जुनाट म्हणून बेअरवाल्ड नावाची दुसरी जुळवणी करायला सांगतात. त्यात कार्ट्रिज तीनेक मिलिमीटर पुढे जातं आणि किंचित आत वळवावं लागतं. बेअरवाल्डमध्ये सुई खाचेला अगदी समांतर येते केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, तर ५२ च्या मापात साधारण ५९ आणि ११३.५ वर. अख्ख्या बाजूची सरासरी काढली तर बेअरवाल्ड सरस, मान्य. पण तुमच्या तबकडीचा जीव शेवटच्या दोन मिनिटांत आहे ना? मग सुई तिथे सरळ असलेली बरी. मी ख्यालासाठी ५२ वरच ठेवलंय.

स्क्रू आवळताना एकदा हा, एकदा तो, असं थोडं थोडं आवळा, नाहीतर कार्ट्रिज फिरतं. आणि समोरून बघा, तबकडीवर सुई काटकोनात उभी दिसली पाहिजे. आरसा ठेवून बघितलंत तर तिरपेपणा दुप्पट दिसतो.

उत्तररात्र

धागा वर काढतोय, कारण रविवार सत्कारणी लागला. ५२ चं माप पट्टीवर खूण करून, वजन २.०, अँटिस्केट शेवटी १.६ च्या आसपास स्थिरावलं. तीच एलपी, तीच बाजू. द्रुतातली सपाट तान लेबलपर्यंत सलग गेली. 'स' अजून जरा टोकदार आहे, पण तो आता दोन्हीकडे सारखा. तानेमागे सारंगी होती, हे मला पहिल्यांदाच कळलं.

नाट्यगीतांची एक ईपी मात्र तशीच फाटते, अगदी पहिल्या ओळीपासून.

कानसेन

पहिल्या ओळीपासून असेल तर ती कुणाच्या तरी रेडिओग्रामखाली जन्म काढून आली आहे. त्यांच्या जड सुया खाच खरवडून टाकत, तिथे सेटिंग काही करू शकत नाही. एमएल सुई भिंतीला जरा वेगळ्या जागी टेकते, तिथला पृष्ठभाग शाबूत असेल तर फरक पडतो. पण एका ईपीपायी नको.

उत्तररात्र

पटलं. शेवटचा प्रश्न. त्याच खोक्यात चार ७८ च्याही आहेत, लाखेच्या. याच सुईवर लावल्या तर?

बैठी_चाळ

हात लावू नका! ७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (इंचाच्या तीन सहस्रांश) सुई लागते. तुमच्याच कार्ट्रिजच्या घराण्यात व्हीएम९५एसपी आहे, ती ५ ग्रॅमवर चालते. आणि साफ करायला स्पिरिट आणू नका, लाख विरघळते.

तसंही तुमच्या एमके२ ला ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत.

उत्तररात्र

बटण शोधत होतो खरा.