ऑस्ट्रेलियात भाड्याची गाडी स्वतः चालवावी का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
कापसाची वेचणी आटोपली की फेब्रुवारीत आम्ही दोघे मेलबर्नला मुलीकडे जाणार आहोत. मुलगी, जावई आणि पाच वर्षांचा नातू यांना घेऊन ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याने दोन दिवस फिरून यावे, असा विचार आहे. त्या दोघांनाही गाडी चालवता येत नसल्याने ती मलाच चालवावी लागेल. आपल्या परवान्यावर तिथे गाडी मिळते का आणि विम्याचे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वरुड, जि. अमरावती)
परवान्याची अडचण येणार नाही. पर्यटकाला मूळ परवान्यावर तिथे गाडी चालवता येते. तो इंग्रजीत नसेल तर भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागतो. माझ्या मते तो काढूनच घ्यावा. यवतमाळच्या आरटीओत नमुना ४-अ भरून, १००० रुपये शुल्क देऊन तो मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. अनामत रक्कम अडकवून ठेवण्यासाठी बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, म्हणून मुलीच्या कार्डाच्या भरवशावर राहू नये.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने स्टिअरिंगची सवय बदलावी लागत नाही. बदलावी लागते ती चौकातली सवय. ‘स्टॉप’ची पाटी असेल तिथे रस्ता रिकामा दिसला तरी चाके पूर्ण थांबलीच पाहिजेत, आणि गोल चौकात आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यावी लागते, हॉर्न वाजवून पुढे घुसता येत नाही. मेलबर्नच्या मध्यभागी तर ट्रामच्या काही चौकांत उजवीकडे वळण्यासाठी गाडी आधी डाव्या कडेला घेऊन सिग्नल बदलेपर्यंत थांबावे लागते. नवख्या माणसाने त्या भागातून गाडी उचलूच नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (मेहकर, जि. बुलडाणा)
विम्याच्या कागदात ‘एक्सेस’ हा आकडा आधी शोधा. अपघात झाल्यास तेवढी रक्कम आपल्याच खिशातून जाते आणि ती हजारो डॉलर असू शकते. रोजचे थोडे जास्त भाडे भरून ती कमी करता येते. कच्च्या रस्त्यावरचे नुकसान बहुधा विम्यात धरत नाहीत, आणि काही कंपन्या शहराबाहेर अंधारात जनावराला लागलेली धडकही वगळतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला रोही आडवी येते, तसे तिथे कांगारू येतात. फेब्रुवारीत सूर्य रात्री आठ-साडेआठला मावळतो, त्यामुळे उजेडातच मुक्कामी पोहोचणे सहज जमते.

ग्रेट ओशन रोड जिथे सुरू होतो त्या टॉर्की गावाहून पश्चिमेकडे निघालात तर समुद्र आपल्याच बाजूला, डावीकडे राहतो. वळणे पुष्कळ आहेत; मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूच्या थांब्यावर सरकून त्यांना पुढे जाऊ द्यावे. परतताना मात्र कोलॅकवरून आतल्या महामार्गाने यावे.

उत्तर (वर्धा)
नातवाची खुर्ची गाडीसोबतच नोंदवा. सात वर्षांखालील मुलाला ती कायद्याने सक्तीची आहे, मांडीवर घेऊन चालत नाही. मेलबर्नच्या टोल रस्त्यांवर रोख पैसे घेणारा नाका नसतो. टोल कसा वसूल होणार, हे गाडी घेतानाच विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज या आठवड्यातच भरतो, आणि गाडी शहराच्या मध्यभागातून न घेता विमानतळावरून घेण्यास मुलीला आजच कळवतो.