आखाजीला लाइन रिकामी? मग आधी हजेरी उघडा

यावलकर: काल इथे एका कारखानदार भाऊंनी लिहिलं, "खान्देशी पोरांना शिस्त नको, जबाबदारी नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निम्मी लाइन गायब. आता बाहेरचीच पोरं भरणार." उत्तर देणार नव्हतो, पण रात्रभर डोक्यात तेच.

मी जळगावात एका पाइप कारखान्यात अकरा वर्षं सुपरवायझर होतो. कामाला अडतीस माणसं, हजेरीवर एकोणीस. वीस झाली की पीएफ लागतो ना! तपासणीला साहेब येणार म्हटलं की उरलेल्यांना मागच्या गोडाऊनमध्ये पोत्यांआड बसवायचं, आणि ते काम माझ्याकडे. एकदा एक पोरगा पोत्यामागून म्हणाला, "दादा, मी आज कामावर आहे का नाही?" त्याला काय सांगू?

आमच्या आजोबांच्या शेतात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब आखाजीलाच व्हायचा. समोरासमोर बसायचं, आकडा ठरायचा, नाही पटलं तर तो दुसरीकडे जायला मोकळा. तुमच्याकडे पगारवाढीची चिठ्ठी येते, तीही आली तर.

मालकाची बाजू: वा. सगळे मालक चोर. माझ्याकडे सगळ्यांचा पीएफ भरला जातो, या चलन बघायला. पीव्हीसीची लाइन चालू असताना ऑपरेटर न सांगता गेला की डायमध्ये माल जळतो. उघडून खरवडण्यात अख्खी शिफ्ट जाते. सहा महिने शिकवलेले दोघे दोन हजारांसाठी चाकणला गेले. आणि आखाजीला सुट्टी कशाला, पत्ते कुटायला?

भुसावळ जंक्शन: बाहेरची पोरं भरा की! छठला, त्या बिहारी पोरांच्या सणाला, भुसावळ स्टेशनवर या, तुमची लाइन प्लॅटफॉर्म चारवर उभी दिसेल.

धुळ्याची ताई: पत्त्यांवर घसरू नका. आखाजीला लेक माहेरी येते. तिला आणायला भाऊच जातो, सुपरवायझर नाही जात.

नातू सालदाराचा: यावलकर, तुमचं सालदार-पुराण वाचून हसावं की रडावं कळेना. माझे आजोबा सालदार होते. समोरासमोर? तुमचे आजोबा ओट्यावर, माझे खाली अंगणात. पावसाळ्यात ज्वारी उचललेली, आजीच्या आजारपणाला पैसे उचललेले. आखाजीला हिशोब व्हायचा तेव्हा उचल फिटलेली नसायची. मोकळा कसला? पुढचं साल आधीच बांधलेलं.

यावलकर: आमच्याकडे तसं नव्हतं. आजोबा सालदाराला घरच्यासारखं वागवायचे.

नातू सालदाराचा: घरच्यासारखं म्हणजे ताट वेगळं का एकच?

यावलकर: विषय कारखान्याचा आहे. जातीवर नेऊ नका.

नातू सालदाराचा: जात मी काढली नाही, ताट विचारलं. सालदार तुम्हीच आणलात.

धुळ्याची ताई: उत्तर नाही दिलं भाऊ.

यावलकर: …वेगळं होतं. अल्युमिनियमचं. गोठ्याजवळच्या कोनाड्यात ठेवलेलं असायचं. झालं समाधान?

नातू सालदाराचा: समाधान नाही. पण लिहिलंत.

मालकाची बाजू: म्हणजे माझी कंपनी बरी निघाली! आमच्या कँटीनला सगळ्यांची ताटं स्टीलची, एकाच रॅकमध्ये.

नातू सालदाराचा: अभिनंदन. आता हे सांगा, साडेचार वर्षांनी नोकरीत ब्रेक देऊन नवीन म्हणून घेता का? ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२चा होता, २०२५ला नव्या संहितेत गेला; कायम कामगाराची पाच वर्षं भरली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. माझ्या भावाला चार वर्षं आठ महिन्यांवर "महिनाभर आराम कर" सांगितलं होतं. तो आराम अजून चालू आहे.

मालकाची बाजू: ठेकेदाराच्या माणसांचं मला माहीत नाही.

भुसावळ जंक्शन: हे बेस्ट. डाय जळला तर पोरगा खान्देशी, ब्रेक दिला तर पोरगा ठेकेदाराचा.

मालकाची बाजू: ठीक आहे, बघतो ठेकेदाराचे कागद. आणि यंदा आखाजीला एक दिवस पगारी सुट्टी. पण आदल्या दिवशी सांगून जायचं.

धुळ्याची ताई: आखाजी कधी आहे हे कॅलेंडरमध्ये वर्षभर छापलेलं असतं, भाऊ. शिफ्टचं वेळापत्रक तुम्ही आदल्या दिवशी लावता.