तेव्हा दुकानात जाताना मुलांना कुठं ठेवलंत?

फोंडेकरीण

परवा आवराआवर करताना भुसाराच्या कापडी पिशवीच्या तळाशी एक मास्क सापडला. माझ्या आईनं चोळीच्या उरलेल्या खणातून शिवलेला, जेमतेम तळहाताएवढा. एका बाजूचं इलॅस्टिक चावून चावून लोंबतंय. थोरलीचा. ती तेव्हा सहाची, धाकटा दोनचा.

2020 चा पाडवा आठवतोय ना? 25 मार्च. देशाचा लॉकडाऊन त्या दिवशी सुरू झाला, पण आपल्याकडे गोव्यात 22 तारखेच्या जनता कर्फ्यूपासूनच दारं लागली होती आणि पहिले काही दिवस भुसारी दुकानंसुद्धा बंद. पाडव्याला मणगणें, म्हणजे आपली डाळीची खीर, केलं ते घरातल्या चण्याच्या डाळीचं, साबुदाण्याशिवाय. मुलांनी मिटक्या मारून खाल्लं. मला मात्र डब्यात उरलेली डाळ दिसत होती.

नवरा बोटीवर, कधी उतरणार ते कंपनीलाही सांगता येत नव्हतं. सासू-सासरे सत्तरीत. शेजारीण एरवी मुलांना आपण होऊन घेऊन जायची, पण त्या दिवसांत कुणाच्या दारात मूल सोडायची सोय नव्हती. तिचंही काही चुकलं नाही.

मग सरकारनं दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला दिली. मी मनात म्हटलं, बरं झालं, मुलं झोपली की जाऊन येते. गेले. बाहेरून कुलूप लावून. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. तांदूळ, दूध पावडर, मेणबत्त्या घेऊन परत येईपर्यंत अकरा मिनिटं लागली. आले तर धाकटा खिडकीच्या गजांना धरून उभा. रडत नव्हता, नुसता उभा होता. त्यानंतर पुन्हा कधी कुलूप लावलं नाही.

तेव्हापासून दोघांना घेऊन जायची. थोरली स्कूटरवर पुढं उभी, धाकटा ओढणीनं पाठीशी बांधलेला. रांगेतला प्रत्येक जण विचारायचा, ‘मुलांना कशाला आणलंत?’ यादी इकडे द्या, असं एकानंही म्हटलं नाही. पुढं मे महिन्यात तर दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं असं केंद्राच्या आदेशातच आलं. ज्यानं ते लिहिलं त्याच्या घरात दुसरं मोठं माणूस असणार.

तर तुम्ही काय केलंत? कुणाकडे ठेवलंत, की नेलंत? लिहा. नुसतं ‘फार कठीण दिवस होते’ नको, काय घडलं ते लिहा.

डिचोलीचा बाबा

आमच्याकडे बायको नर्स. तिच्या ड्यूट्या वाढल्या, त्यामुळे बाजारहाट माझ्यावर आणि पाच वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर.

दुकानाबाहेर चुन्यानं गोल आखले होते, दोन गोलांत चार-पाच फुटांचं अंतर. मोठ्या माणसांना ते गोल म्हणजे आपापली जागा. माझ्या पोराला ती लंगडी दिसली. एका पायावर उड्या मारत तो थेट दुकानाच्या पायरीपर्यंत गेला, वळला आणि तसाच परत निघाला. ज्या गोलात माणूस उभा, तिथं थांबून ‘सरा ना’ म्हणायचा. मी ओरडतोय, मास्कमधून धड आवाज निघत नाही. एक म्हातारे गृहस्थ हातात घासलेटचा रिकामा डबा घेऊन उभे होते (दुकानात घासलेट मिळत नव्हतंच, डबा का आणला देव जाणे). ते निमूटपणे गोलाबाहेर झाले, पोराला जाऊ दिलं आणि परत आत उभे राहिले. तीन फेऱ्या. चौथ्या फेरीला पुढच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला उचलून काखेत मारलं.

‘हात खिशात’ हा आमचा खेळ. दुकानात शिरताना दोन्ही हात चड्डीच्या खिशात, बाहेर येईपर्यंत काढायचे नाहीत. जिंकला तर शेंगदाण्याची चिक्की. महिनाभर छान चाललं. मग एके दिवशी त्यानं हात खिशातच ठेवून, मास्क हनुवटीवर ओढून काउंटरवरच्या बरणीची काच चाटली. नियम मोडला नव्हता. चिक्की द्यावी लागली.

घरी आल्यावर अंगणात त्याला डोक्यापासून पायापर्यंत साबण. नंतर पिशवीतल्या वस्तूंना. बिस्किटांचे पुडे आम्ही धुवून दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचो, आता सांगताना हसू येतं.

वाळपईचा भुसारी

मी पलीकडच्या बाजूचा. ‘लहान मुलांना आणू नये’ हा बोर्ड माझ्या दुकानावरही होता आणि तो मीच लिहिला होता. दुकानाच्या मागे घर, घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील, दम्याचे. दिवसभरात शंभरेक माणसांच्या नोटा हातात यायच्या. भीती होती, खोटं कशाला बोलू.

पण बोर्ड लावून मुलं यायची थांबली नाहीत. फक्त दुकानाबाहेर, रस्त्यापलीकडच्या फणसाखाली उभी राहायला लागली. एप्रिलचं ऊन. आई इकडे रांगेत, नजर तिकडे. ते दोन-तीन दिवस बघितल्यावर ज्यांच्याबरोबर मूल असेल त्यांची यादी आधी घ्यायची असं ठरवलं. रांगेतल्यांनी कटकट केली. एक जण तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातलं मूल घेऊन आला!

फोनवरही याद्या घेतल्या. गिऱ्हाईक म्हणायचं ‘नेहमीचं द्या’, आणि नेहमीचं दुकानात नसायचं. बेळगावहून चोर्ला घाटातून येणारी गाडी आली तर भाजी आली, मालाचंही तसंच. मैद्यावर भांडणं झाली. सगळ्यांना एकदमच केक करायचे होते.

काउंटरवरची चॉकलेटं मी आत ठेवली, मुलं हट्ट करायला नकोत म्हणून, आणि त्या जागी साबणाच्या वड्या मांडल्या. एका मुलीनं रडून रडून साबण घ्यायला लावला. गुलाबी होता.

फोंडेकरीण

भुसारीदादा, यादी आधी घेणारा एखादा आमच्या बाजूला भेटला असता तर! बोर्डाचा राग नाही हो. वडील बरे आहेत ना?

वाळपईचा भुसारी

आहेत. अजून गल्ल्यावर बसतात आणि सुटे पैसे देताना खळखळ करतात.

पेडण्याची आजी

मुलगा-सून पणजीला अडकले, नातू माझ्याकडे सुट्टीला आला तो राहिलाच. चार वर्षांचा. आम्ही दुकानात गेलोच नाही, वाड्यावरची मुलं सामान आणून फाटकाबाहेर ठेवायची. आमचा बाजार म्हणजे पोदेर, सायकलवरचा पाववाला. सायकलचा पों-पों ऐकला की नातू चप्पल न घालता धावायचा. मी कठड्यावर टोपली ठेवायची, वाटीत सुटी नाणी साबणाच्या पाण्यात. पोदेर पाव टोपलीत घालायचा आणि नाणी पाण्यातून काढून शर्टाला पुसायचा. नातवाला वाटायचं नाणी अशीच ओली असतात. अजूनही पैसे हातात आले की झटकतो.

नुस्तें, म्हणजे ताजे मासे, मात्र नाही. रोज विचारायचा. अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) तोणाक म्हणजे रस्सा, सुकटाची किसमूर म्हणजे कोशिंबीर, परत अळसांदे. एकदा म्हणाला, आजी, समुद्र पण बंद आहे का?

म्हापशेकर

सगळे 2020 चंच लिहिताहेत. आम्हाला 2021 जास्त जड गेलं. 9 मेपासून कर्फ्यू, भुसारी दुकानं सकाळी 7 ते दुपारी 1. आणि 16 तारखेला तौक्ते वादळ. आमच्या भागात वीज गेली ती चार दिवस. फ्रीजमधलं सगळं फेकलं. जुळ्या मुली, सव्वा वर्षाच्या, आणि दूध तापवायचं ते रोजच्या रोज आणून. सातला रांगेत एकीला मी, दुसरीला बायको. दोघी बरोबर नेल्या कारण घरात पंखा नव्हता आणि त्या घामानं रडून लाल व्हायच्या. बाहेर निदान वारा होता. बाकी काही आठवत नाही, झोपच नव्हती.

नववीतली

आईच्या खात्यावरून लिहितेय, तिला सांगून. तेव्हा मी तिसरीत होते, भाऊ चारचा. आई आम्हाला गाडीत बसवून रांगेत उभी राहायची. काच चार बोटं खाली. तिनं सांगितलं होतं, दार उघडायचं नाही, कुणीही आलं तरी नाही, मी तुम्हाला दिसेन अशीच उभी राहीन. ती दिसायची पण मास्कमुळे सगळ्या बायका सारख्याच दिसायच्या. मी तिची पिशवी बघत बसायचे, पिवळी, कुठल्याशा लग्नात मिळालेली.

एकदा भावाला शू लागली. दार उघडायचं नाही म्हणजे नाही. मी त्याला पाण्याची बाटली दिली. ती नंतर मी गटारात ओतली, नळावर धुतली आणि जागेवर ठेवली. हे आईला आज वाचूनच कळेल. बाटली माझी नव्हती, बाबांची होती.

डिचोलीचा बाबा

बाबांना कुणीतरी सांभाळा!

फोंडेकरीण

नववीतली, तुझं वाचून थोरलीला हाक मारली आणि सगळा धागा वाचून दाखवला. कुलपाचंही. मी ते तिला कधी सांगितलं नव्हतं, ती झोपेत होती असं धरून चालले होते.

म्हणाली, मी जागी होते. त्याला खिडकीत मीच उभं केलं, तिथून दुकानाचा दिवा दिसतो म्हणून.