पलंगाखालचे दिवस : दत्तक घेतलेल्या कुत्र्यांचे तुमचे अनुभव लिहा

चिमणी गेल्या आठवड्यात परत आली. दोन वर्षांची काळी गावठी कुत्री, मागच्या पायाला जुन्या फ्रॅक्चरची गाठ. घर चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पाचव्या दिवशी फोन आला, "ताई, ती पलंगाखालून बाहेरच येत नाही हो. मुलं हिरमुसलीत." मी जाऊन घेऊन आले. रिक्षात माझ्या मांडीवर थरथरत होती. उतरले तेव्हा ओढणीभर काळे केस. घाबरलं की कुत्र्याचे केस असे मूठभर गळतात.

मी पुण्यात सात वर्षं फोस्टर करते. अपघातातून, रस्त्यावरून आलेलं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं. लसी, जंताचं औषध, नसबंदी करून द्यायचं. माझ्याकडे परत आलेली बहुतेक कुत्री पहिल्या पंधरा दिवसांतच आली. आमच्यात एक हिशोब सांगतात: तीन दिवस भीती उतरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे घर आपलं वाटायला. चिमणीला पाच दिवस मिळाले.

म्हणून विनंती, तुमचं लिहा. फोटोतलं सुख सगळ्यांना दिसतं. रात्री तीनला पुसलेली फरशी, दवाखान्याचं बिल, शेजाऱ्यांशी झालेलं वाजणं, गेलेली कुत्री, तेही लिहा. कुत्रं घ्यायला येणाऱ्या माणसाने ते आधी वाचलेलं असावं.

ठाणे

जुलैत गटाराच्या कडेला दोन पिल्लं सापडली, जेमतेम दीड महिन्याची. आई गाडीखाली गेली होती. एक भुरा, एक तपकिरी. चौथ्या दिवशी भुऱ्याने पेज हुंगून तोंड फिरवलं. संध्याकाळी उलट्या, रात्री रक्ताची शी. पार्व्हो म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार; त्याचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखता येतो. दवाखान्यात तपासणीच्या किटवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पार्व्होच. मग दुसऱ्याच्याही.

ह्या विषाणूवर नेमकं औषध आमच्या हाताशी नव्हतं. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि बाकी पिल्लाच्या अंगात जोर किती त्यावर. पाय इतके बारीक की शीर सापडेना. आम्ही नवराबायको आळीपाळीने बाटली धरून बसायचो. भुरा तिसऱ्या रात्री गेला, पहाटे चारच्या सुमारास. बाटलीत अर्धं सलाईन शिल्लक होतं. तपकिरीने पाचव्या दिवशी उकडलेल्या चिकनचं पाणी चाटलं. चार वेळा जीभ लावली, मी मोजलं.

पार्व्हो घरात, मातीत कित्येक महिने टिकतो. ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत राहिलो आणि वर्षभर बिनलशीचं पिल्लू घरात आणलं नाही. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पुढचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात. एक डोस झाला म्हणून पिल्लाला खाली रस्त्यावर सोडू नका, हात जोडून सांगते.

तपकिरी आता चार वर्षांची आहे. अजून भिंतीला पाठ चिकटवल्याशिवाय झोपत नाही. दोघं पाठीला पाठ लावून झोपायची.

कोल्हापूर

आमच्या आईचं सोवळं कडक. मोत्याला आणलं तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी तिनेच देवघराच्या दारात रांगोळीची रेघ ओढली आणि त्याला सांगितलं, "ह्याच्या आत यायचं न्हाई." तीन वर्षं झाली, तो आत गेलेला नाही. आरतीला रेघेबाहेर पुढचे पाय जुळवून बसतो. नैवेद्याचा भात आधी त्याच्या ताटलीत पडतो, मग आमची पानं वाढली जातात.

नाशिक

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. आम्ही शेरूला परत दिलं.

तेव्हा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता. शेरूने उपाशी दिवस काढलेले, ताटलीजवळ कोणी वाकलं की गुरगुरायचा. फोस्टरताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. महिनाभर आम्ही पाळलं. गुरगुरला की मी ओरडायचे, "शेरू, नाही!" हळूहळू त्याने गुरगुरणं सोडलं. मला वाटलं, सुधारला. आज कळतं, गुरगुरून तो आधी सांगत होता, आणि ते सांगणंच मी बंद पाडलं.

एका रविवारी घरात पाहुणे होते, दार लावायचं राहिलं. मुलाने ताटलीतल्या पोळीला हात घातला. मनगटाच्या वर दोन दात. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, तशीच दवाखान्यात धाव घेतली. शेरूला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी मुलाला सांगितलेला एकही डोस चुकवला नाही.

त्यानंतर मी घरात श्वास रोखून वावरायला लागले. मुलगा आणि शेरू एका खोलीत दिसले की छातीत धस्स व्हायचं. परत सोडायला गेलो तेव्हा तो गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता, शेपूट हलत होती. त्याला वाटलं, फिरायला निघालोय.

आता तो एका निवृत्त जोडप्याकडे आहे. घरात लहान मूल नाही, जेवताना दार लावतात, दीड वर्षात काही झालेलं नाही. त्याचा फोटो येतो. बघते आणि फोन पालथा ठेवते. घरात लहान मूल असेल तर फोस्टर सांगते तो शब्दन्‌शब्द ऐका, एवढंच मागणं आहे.

श्टुटगार्ट, जर्मनी

आमची मीरा रुमानियाची. तिथली रस्त्यावरची बरीच कुत्री जर्मनीत दत्तक येतात. ती येण्याआधी संस्थेची बाई घर बघून गेली. बाल्कनीच्या कठड्यातून डोकं जाईल का, ते तिने हात घालून पाहिलं. तिची एकच अट होती: दोन पट्टे. एक गळ्यात, एक छातीच्या हार्नेसला, दोन्ही दोरे हातात. मला ते जास्तीचं वाटलं होतं. दहाव्या दिवशी बसचा ब्रेक किंचाळला, मीरा उलटी सरकली आणि गळपट्टा रिकामा माझ्या हातात आला. दुसरा दोर होता म्हणून ती आज माझ्या पायाशी आहे. घाबरलेलं नवं कुत्रं गळपट्ट्यातून असंच निसटतं, तिकडेही निसटतं. दोन पट्टे लावा.

इथे नगरपालिकेला दरवर्षी कुत्र्याचा कर भरावा लागतो. मानेत चिप आहे, हरवलेल्या प्राण्यांसाठीच्या टासो ह्या संस्थेत तिची नोंद आहे. ३१ डिसेंबरची रात्र म्हणजे तुमची दिवाळी, नुसते फटाके. न्हाणीघरात पंखा लावून मी तिच्याशेजारी फरशीवर बसतो. घरात मराठीच चालते, त्यामुळे शेजारची जर्मन आजीही तिला "इकडे ये" म्हणूनच हाक मारते.

नवी मुंबई

आमच्या सोसायटीने हात वर करून ठराव केला, कुत्री बंद. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून समितीला दिल्या: बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ठराव गुंडाळला गेला. पण चौथ्या मजल्यावरच्या काकू खरोखर घाबरतात, लहानपणी चावा बसलाय त्यांना. त्या दिसल्या की मी लिफ्ट सोडते, जिन्याने उतरते. कागदाने जे झालं नाही ते ह्याने झालं. परवा त्यांनी दुरूनच विचारलं, नाव काय हिचं?

सातारा

हायवेवरच्या ढाब्यामागे म्हातारा लॅब्रेडोर बसलेला असायचा. कोणीतरी गाडीतून उतरवून निघून गेलं होतं, असं ढाबेवाले सांगायचे. दात झिजलेले, अंगावर गोचिडींची साखळी. घरी आणला, दादा म्हणायला लागलो.

दारात पांढरी गाडी थांबली की दादा उठायचा. सांधे धरलेले, तरी पुढच्या दोन पायांवर जोर देऊन, कण्हत उठायचा आणि फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. गाडीतून माणूस उतरला, आवाज ऐकला, की परत यायचा. लाल, काळी गाडी आली तर मान वर करत नसे.

चौदा महिने होता आमच्याकडे. मूत्रपिंडं गेली, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बिघडली की वाढतं ते) उतरेना. मानेमागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सलाईन कसं सोडायचं ते डॉक्टरांकडून शिकलो. शेवटी शेवटी पांढरी गाडी थांबली तरी तो उठत नसे. पाय राहिले नव्हते म्हणून, की वाट बघणं संपलं म्हणून, मी पुष्कळदा विचार करतो. इंजेक्शन घरीच दिलं, फाटकाकडे तोंड करून निजला होता तिथेच. पेरूच्या झाडाखाली पुरलाय.

पिंपरी

वरचं सगळं वाचून आम्ही ताईंना फोन केला. चिमणी आमच्याकडे आहे, आज नववा दिवस. पलंगाखालीच आहे. मुलीने तिथे स्वतःची जुनी गोधडी सारून ठेवली आहे. ताटली रात्री ठेवतो, सकाळी रिकामी असते. तिच्याकडे थेट बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, असं घरात ठरलंय.

काल रात्री पावणेदोनला फरशीवर नखांचा आवाज झाला. स्वयंपाकघरापर्यंत गेला, परत आला, माझ्या उशीपाशी थांबला. मी डोळे मिटूनच पडून राहिले.