अरुबात सकाळी सकाळी डच पॅनकेक: खरंच खावेत का नुसता गाजावाजा?

पोळीलाटणारी_सून
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात अरुबाला (कॅरिबियनमधलं बेट, नेदरलँड्सच्या राज्यातलं, म्हणून डच खाणं) चाललोय, आम्ही दोघं, दोन पोरं (6 आणि 10) आणि सासूबाई. हॉटेलचा ब्रेकफास्ट मुद्दाम घेतला नाहीये कारण माणशी पैसे लावतात आणि माझी पोरं दोन घास खाऊन पूलकडे पळतात. तर जो तो सांगतोय की तिथे डच पॅनकेक खाच, साधीसुधी उघड्यावरची हॉटेलं असतात, चपला घालून गेलं तरी चालतं वगैरे. पण मेन्यूचे फोटो बघितले तर एका पॅनकेकवर बेकन आणि वरून पाक?? आणि तो एक पॅनकेक अख्ख्या ताटाएवढा. हे नाश्त्याला कोण खातं? सासूबाईंना अंडं चालतं पण बाकी काही नाही, त्यांच्यासाठी काय मागवू तेही सांगा. आणि अमेरिकन पॅनकेकपेक्षा वेगळं काय असतं त्यात, की नुसतं नाव डच?

सायकलवरचा_बंड्या
नेदरलँड्समध्ये आठ वर्षं काढलीत म्हणून पहिलं उत्तर माझं. खुद्द डच लोक पॅनकेक नाश्त्याला खातच नाहीत! सकाळी ते ब्रेड, चीज, फार तर ब्रेडवर बटर आणि चॉकलेटचे दाणे (मोठी माणसंसुद्धा, हसू नका). पानेकूक (म्हणजे हाच डच पॅनकेक) हा रात्रीच्या नाहीतर दुपारच्या जेवणाचा प्रकार, त्यातून पोरांच्या वाढदिवसाला हमखास. नाश्त्याला खायचं हे बेटावर अमेरिकन पर्यटकांमुळे जास्त चालतं, त्यांना पॅनकेक म्हटलं की सकाळच आठवते. त्यामुळे 'अस्सल डच नाश्ता' असं कुणी म्हणालं तर मान हलवा आणि खा 😄

फरक विचाराल तर अमेरिकनमध्ये बेकिंग पावडर असते, तो फुगतो. डचमध्ये काही नसतं, मैदा दूध अंडी मीठ बास. घरी मी 250 ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर दूध आणि 2 अंडी घेतो. फ्रेंच क्रेपपेक्षा जाड, आपल्या घावनाच्या जवळपास पण मऊ, कडा मात्र कुरकुरीत झाल्या पाहिजेत. आणि टॉपिंग वर टाकत नाहीत, आत भाजतात. म्हणजे सफरचंदाच्या चकत्या आधी तव्यावर मांडायच्या, त्यावर पीठ ओतायचं, उलटायचं, मग साखर सफरचंदाला चिकटून जरा करपते, ती खरी मजा. बेकनचंही तसंच. ते बेकन म्हणजे स्पेक, त्यावर जो काळा पाक घालतात तो स्ट्रोप. मेपल सिरप नव्हे ते, आपल्या काकवीच्या जवळचं, पण बीटच्या साखरेचं. खारट आणि गोड एकत्र लागतं, गुळाबरोबर खारे दाणे खाणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

मीठभाकर
बंड्या, 'डच बेबी' म्हणून ओव्हनमधला फुगीर पॅनकेक मिळतो तो पण डचच ना? बायको शनिवारी करते.

सायकलवरचा_बंड्या
@मीठभाकर अजिबात नाही. ती अमेरिकेतली गोष्ट आहे, मूळ जर्मन प्रकाराचं, नावच तेवढं डच. नेदरलँड्समध्ये मागितलंत तर वेटर तुमच्याकडे काळजीने बघेल.

समुद्रकाठचा_काका
आम्ही दोनदा जाऊन आलोय अरुबाला, डच पॅनकेक तीनदा खाल्ले. सूनबाई, जा नक्की, पण पोरांना दोन वेगवेगळे मागवू नका, एकच मागवा, ते खरंच ताटाबाहेर लोंबतं. आम्ही चौघांत तीन मागवले तरी उरलं आणि मग मी दुपारी गार खाल्लं. पोरांना पॉफर्चेस द्या, छोटे छोटे गोल, आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर करतात, वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखर. त्यात बकव्हीटचं पीठ आणि यीस्ट असतं म्हणून चव जरा वेगळी.

आता महत्त्वाचं, वाऱ्याकडे पाठ करून बसा. चेष्टा नाही, अरुबात पूर्वेकडून वारा सतत वाहतो, ती दिवीदिवीची झाडं एका बाजूला झुकलेली फोटोत बघितली असतील ती त्यामुळेच. माझी पिठीसाखर पहिल्या मिनिटात शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या काळ्या ड्रेसवर गेली. आणि छोटे पिवळ्या पोटाचे पक्षी येतात साखर पळवायला, डच लोक त्यांना साखरचोरच म्हणतात.

पैशाचं सांगायचं तर मेन्यू कुठे फ्लोरिनमध्ये (तिथलं चलन) कुठे डॉलरमध्ये, आधी बघून घ्या. 1 डॉलर म्हणजे 1.79 फ्लोरिन असा बांधलेला दर आहे, दुकानात 1.75 च्या आसपास धरतात. आकडा बघून घाबरू नका, फ्लोरिन असतील. आणि बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते वाचा नाहीतर टीप दोनदा जाते, आमची गेली.

उपवासाची_भगर
बकव्हीट म्हणजे कुट्टू ना? मग पॉफर्चेस उपवासाला चालतील का 🙈

समुद्रकाठचा_काका
@उपवासाची_भगर ताई, त्यात गव्हाचं पीठ पण असतं, यीस्ट असतं, बऱ्याचदा अंडंही. देवाला फसवायचं असेल तर घरी फसवा, अरुबापर्यंत जायचं कशाला.

झाडाखालची_खाट
सासूबाईंसाठी सांगते, माझी आई पण अशीच. सफरचंद, केळं, चीज, मशरूम, सगळं मिळतं. अडचण तव्याची आहे, बेकनचे पॅनकेक त्याच तव्यावर होतात. आम्ही वेटरला सांगितलं की वेगळा तवा होईल का, तो आत जाऊन विचारून आला आणि हो म्हणाला, पण गर्दी असेल तर नाही म्हणू शकतात म्हणून लवकर जा. आणि सकाळी 'बोन दिया' म्हणायचं, निघताना 'दांकी'. पापियामेंतो या तिथल्या भाषेतले दोन शब्द, पण चेहरे खुलतात. आणि दुसऱ्या दिवशी पान बाती शोधा, तो तिथला स्वतःचा पॅनकेक, मक्याच्या पिठाचा, माशाच्या रश्श्याबरोबर वगैरे देतात. डच काय सगळीकडे मिळेल.

पोळीलाटणारी_सून
आलो परत! कबूल केलं होतं म्हणून लिहितेय, उशीर झाला, पोराला ताप होता.

तर तीन सकाळी गेलो. पहिल्या दिवशी साडेनऊला गेलो आणि पाऊण तास उभे, चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी आठला, लगेच टेबल. प्लास्टिकच्या खुर्च्या, पायाखाली वाळू, मालकीणबाई स्वतः कॉफी ओतत फिरत होत्या. वेगळ्या तव्याचं विचारलं, त्या म्हणाल्या पहिला घाणा अजून लागायचाय, तुमचाच आधी करते. सासूबाईंना सफरचंद-मनुका. त्यांनी आधी काट्याने कड उचलून खालची बाजू बघितली, धिरडं बघतात तशी, मग म्हणाल्या "हं, जाळी पडली नाहीये पण भाजलंय नीट." हे त्यांच्याकडून सर्टिफिकेट समजा. मग स्ट्रोप घेतला, बोटाने चाटून बघितला, आणि शांतपणे सगळा पॅनकेक गुंडाळून हाताने खाल्ला, सुरळी करून, काटा चमचा बाजूला. मी लाजत होते तर मालकीणबाई म्हणाल्या आमच्याकडे पण बरेच जण असेच खातात!

नवऱ्याने बेकन-स्ट्रोप घेतलं. पहिला घास घेऊन तोंड वाकडं, चौथ्या घासाला गप्प, शेवटी माझ्या ताटातला स्ट्रोप पण घेतला. पोरांचे पॉफर्चेस वाऱ्याने नव्हे, साखरचोरांनी पळवले, धाकट्याने मुद्दाम एक तुकडा टेबलाच्या कडेला ठेवला आणि तीन पक्षी आले, तिसऱ्या दिवशी तो पॅनकेकसाठी नाही, पक्ष्यांसाठीच चला म्हणत होता. मोठा म्हणाला अमेरिकन जास्त आवडतात. असो.

एक तक्रार, चीजचा पॅनकेक मला फार जड गेला, अर्धा उरला. पान बाती एका संध्याकाळी खाल्ली, जरा गोडसर, रश्श्यात बुडवली की छान, धन्यवाद खाटेवाल्या ताई.

आता सासूबाईंनी तिथल्या सुपरमार्केटातून स्ट्रोपच्या दोन बाटल्या घेतल्यात. एअरपोर्टवर एक पर्समध्ये ठेवली होती, ती गेली. दुसरी बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली, ती पोचली. आता रोज पोळीला लावतात.

समुद्रकाठचा_काका
100 मिलीच्या वर हातातल्या बॅगेत नेऊच देत नाहीत हो, हे मी लिहायला विसरलो. सासूबाईंची माफी मागतो.